आकडीची गोळी आणि सात वर्षांच्या लेकीचं वाढलेलं कोलेस्टेरॉल

केतकी_प

नमस्कार मंडळी. इथं नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढते आहे.

लेक सात वर्षांची आहे. पाचव्या वर्षी पहाटे झोपेत तिला पहिली आकडी आली. तोंडाची एक बाजू ओढली गेली, लाळ गळत होती, शब्द फुटत नव्हता. दीड महिन्यात आणखी दोनदा झालं. ईईजी (मेंदूतल्या विद्युतलहरींची तपासणी) झाला, न्यूरोलॉजिस्टनी कार्बामाझेपिन सुरू केलं. शेवटची आकडी येऊन आता १९ महिने झाले. तेव्हापासून एकही डोस चुकवलेला नाही.

गेल्या आठवड्यात वर्षाच्या नेहमीच्या रक्ततपासण्या केल्या. सोडियम, यकृत, रक्तपेशी सगळं ठीक. त्याच पॅकेजमध्ये लिपिड प्रोफाइलही (रक्तातल्या चरबीची तपासणी) होतं, ते कुणी सांगितलेलं नव्हतं. त्यात हे निघालं:

एकूण कोलेस्टेरॉल २१४, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ५८, ट्रायग्लिसराइड ९०, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १३८.

पोरगी अंगानं बारीक आहे, दिवसभर धावत असते. घरात कुणाला कोलेस्टेरॉलचा त्रास नाही. रिपोर्ट पाहून एका नातेवाइकांनी सरळ सांगितलं, "ही गोळीच विषारी आहे, बंद करा." खोटं कशाला बोलू, काल रात्री गोळी अर्धी करावी की काय म्हणून मी ती हातात घेऊन बराच वेळ बसले होते. मग पूर्ण दिली.

डॉक्टरांची वेळ तीन आठवड्यांनी आहे. तोवर कुणी सांगेल का, हे गोळीनं होतं का? आणि झालं तर किती काळजी करायची?

वनिता_ध

केतकी, आधी एकच सांगते, बाकीचं जाणकार सांगतील. गोळी अर्धी करू नकोस. एका दिवसासाठीही नको. आम्ही एकदा प्रवासात औषधाची बाटली घरी विसरलो आणि दोन डोस गेले. तिसऱ्या दिवशी मुलाला आलेली आकडी २० मिनिटं थांबेना. आयसीयूच्या दाराबाहेर जे भोगलं ते तुझ्या वाट्याला येऊ नये. कोलेस्टेरॉलला तीन आठवडे थांबायला सवड आहे, आकडीला नसते.

बालरोगवाला

वनिताताईंना पूर्ण अनुमोदन. अपस्माराचं, म्हणजे आकडीचं, औषध अचानक बंद केलं किंवा मनानं कमी केलं की लागोपाठ झटके येण्याचा धोका असतो, आणि तो जिवावर बेतू शकतो. ही पहिली गोष्ट. आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. मी बालरोगतज्ज्ञ आहे, पण तुमच्या मुलीला तपासलेलं नाही, तेव्हा हे फक्त समजून घेण्यासाठी.

होय, कार्बामाझेपिननं मुलांचं कोलेस्टेरॉल वाढतं. हे नवीन नाही, बऱ्याच अभ्यासांत दिसलेलं आहे. फेनोबार्बिटोन आणि फेनिटॉइन या आकडीच्या दुसऱ्या औषधांनीही वाढतं. या तिन्ही औषधांत एक साम्य आहे. यकृतात औषधं आणि इतर रसायनं मोडणारी जी एन्झाइम असतात, सायटोक्रोम पी-४५० म्हणतात ती, त्यांना ही औषधं चेव आणतात. या कुटुंबातलं एक एन्झाइम, सीवायपी५१, खुद्द कोलेस्टेरॉल तयार होण्याच्या साखळीतच बसलेलं आहे. बाकीच्यांबरोबर त्याचंही काम वाढतं आणि यकृतात कोलेस्टेरॉल जास्त बनतं, असं मानलं जातं. म्हणजे पोरगी काय खाते, किती धावते याच्याशी याचा फारसा संबंध नाही. बारीक, चपळ मुलांतही हे दिसतं. म्हणून तुम्ही स्वतःला दोष देत असाल तर तो आधी काढून टाका.

दुसरं, रिपोर्टवर "२०० पेक्षा कमी" असं छापलेलं असेल. ती मर्यादा मोठ्यांची आहे. मुलांसाठी एकूण कोलेस्टेरॉल १७० च्या आत चांगलं, १७० ते १९९ काठावर, २०० आणि पुढे जास्त. एलडीएल ११० च्या आत चांगलं, ११० ते १२९ काठावर, १३० पासून जास्त. ट्रायग्लिसराइडला नऊ वर्षांपर्यंत ७५ च्या आत चांगलं आणि १०० पासून जास्त धरतात. तुमचे आकडे या तक्त्यात बसवले तर एकूण आणि एलडीएल दोन्ही "जास्त"मध्ये जातात, पण थोडेच वर. एचडीएल ५८ उत्तम आहे. या गटातल्या औषधांनी काही मुलांत एचडीएलही थोडं वर जातं, म्हणून नुसत्या एकूण आकड्यावरून घाबरायचं नाही.

आणि एकाच तपासणीवरून काहीच ठरवायचं नाही. दोन आठवडे ते तीन महिने या अंतरानं पुन्हा करायची आणि दोन्हींची सरासरी पाहायची. मधे ताप किंवा मोठं आजारपण झालं असेल तर तीन आठवडे तरी थांबायचं, आजारपणात आकडे खाली येऊन फसवतात.

केतकी_प

डॉक्टर, मनापासून आभार. रिपोर्टवर खरंच मोठ्यांचीच मर्यादा छापली आहे. म्हणजे हा आकडा १८० आला असता तर त्यांनी बाणही दाखवला नसता, आणि मीही "नॉर्मल" म्हणून फाइलला लावला असता.

गोळी सुरू करायच्या आधी तिचं कोलेस्टेरॉल किती होतं हे आम्हाला माहीतच नाही. तेव्हा तपासलंच नव्हतं. मग हे गोळीमुळेच आहे असं कसं म्हणायचं?

बालरोगवाला

अगदी मर्माचा प्रश्न आहे. सुरुवातीची नोंद असती तर निम्मं कोडं तिथंच सुटलं असतं. लांब पल्ल्याचं औषध सुरू करताना एक लिपिड प्रोफाइल करून ठेवावं, असं माझं स्वतःचं मत आहे. ते सगळीकडे होतं असं नाही, आणि पहिल्या आकडीच्या धावपळीत ते सुचणंही कठीण, हे मला मान्य आहे.

आता उलट्या बाजूनं शोधायचं. तुमचं आणि तिच्या बाबांचं कोलेस्टेरॉल तपासा. "घरात कुणाला त्रास नाही" याचा अर्थ बऱ्याचदा "कुणी तपासलेलं नाही" इतकाच असतो. घराण्यातून येणारं जास्त एलडीएल साधारण २५० माणसांत एकाला असतं, आणि लहानपणी त्याचं बाहेरून काहीच लक्षण दिसत नाही. तिथं मुलांचा एलडीएल बहुधा १६० च्या, अनेकदा १९० च्याही वर असतो, म्हणून तुमच्याकडे ती शक्यता कमी वाटते. तरी पाहून घ्या.

तिचं टीएसएचही (थायरॉइडची रक्ततपासणी) करून घ्या. थायरॉइड मंद असलं की कोलेस्टेरॉल चढतं, आणि कार्बामाझेपिन असो की व्हॅल्प्रोएट हे आकडीचं दुसरं औषध, काही मुलांत थायरॉइडचे आकडे हलतात. हे सुटलं तर आपण भलत्याच गोष्टीला दोष देत बसतो.

इशानचा_बाबा

आमचा अनुभव उलट्या टोकाचा आहे, म्हणून मुद्दाम लिहितो.

मुलगा दहा वर्षांचा, व्हॅल्प्रोएटवर. दीड वर्षात वजन ९ किलो वाढलं. रात्री जेवून उठला की अर्ध्या तासात पुन्हा स्वयंपाकघरात. आम्ही त्याला रागवायचो. आता आठवलं की वाईट वाटतं, भूक त्या औषधाची होती, पोराची नव्हती.

लिपिड केलं तर एकूण कोलेस्टेरॉल १५८. आम्ही खूश. डॉक्टरांनी मात्र रिपोर्ट खालपर्यंत वाचला. ट्रायग्लिसराइड १६४, एचडीएल ३६. एलडीएल ८९, म्हणजे तेही छान. त्यांनी समजावलं की व्हॅल्प्रोएट यकृताच्या त्या एन्झाइमांना चेव आणत नाही, उलट काहींना दाबतं, म्हणून एकूण आणि एलडीएल बहुधा ठीकच राहतात. पण वजन वाढलं आणि इन्सुलिनचं काम बिघडलं की ट्रायग्लिसराइड वर आणि एचडीएल खाली जातं. दहा वर्षांच्या मुलाला ट्रायग्लिसराइड १३० पासून जास्त आणि एचडीएल ४० च्या खाली म्हणजे कमी. सोनोग्राफीत यकृतावर थोडी चरबीही दिसली.

ज्यांची मुलं व्हॅल्प्रोएटवर आहेत त्यांनी पहिल्या ओळीवर थांबू नका. चारही ओळी वाचा. आणि वजनाचा काटा महिन्यातून एकदा तरी.

प्रयोगशाळेतला

मी तपासणीच्या क्षेत्रात काम करतो. दोन-तीन गोष्टी माझ्याकडून.

एलडीएल बहुतेक ठिकाणी मोजत नाहीत, सूत्रानं काढतात: एकूण वजा एचडीएल वजा ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग. केतकीताईंचे आकडे घ्या, २१४ मधून ५८ गेले, ९० चा पाचवा भाग १८ गेला, राहिले १३८. मूल खाऊन आलं असेल तर ट्रायग्लिसराइड वर जातं आणि सूत्रानं काढलेलं एलडीएलही त्या मानानं चुकतं. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असेल तर हे सूत्र वापरायचंच नसतं. म्हणून लहान मुलांत पहिल्या चाळणीला एकूणमधून एचडीएल वजा करून येणारा आकडा बघतात. त्यासाठी उपाशी राहावं लागत नाही. १२० च्या आत चांगला, १४५ पासून जास्त. ताईंच्या लेकीचा १५६ येतो.

आता ज्यासाठी खरं तर लिहायला बसलो ते. उपाशीपोटी रक्त द्यायला सांगतात तेव्हा पालक सकाळची गोळीही देत नाहीत. माझ्यासमोर घडलेलं सांगतो. आठ-नऊ वर्षांचा मुलगा, आईच्या मांडीवर, नंबर लागायला उशीर झालेला. मी दंडाला पट्टी बांधत होतो आणि त्याची मूठ उघडेना. मला वाटलं सुईला घाबरला. मग डोळे एका बाजूला गेले. आईच्या पिशवीत गोळी होती, "रक्त दिल्यावर देऊ" म्हणून ठेवलेली. उपाशी म्हणजे अन्नाशिवाय, आकडीच्या गोळीशिवाय नव्हे, हे त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं. आम्हीही नाही. त्या दिवसापासून आकडीचं मूल असेल तर मी आधी विचारतो, गोळी झाली का.

लिपिडच्या तपासणीला पाण्याच्या घोटाबरोबर गोळी घेतली तर काही बिघडत नाही. फक्त त्याच वेळी रक्तातल्या औषधाची पातळीही मोजायची असेल तर ती बहुधा डोसच्या आधी घेतात. तेव्हा डॉक्टरांना आधीच विचारून पहाटेचा पहिला नंबर घ्या आणि गोळी हातात तयार ठेवा.

केतकी_प

हे वाचून अंगावर काटा आला. आम्हीही त्या दिवशी गोळी उशिरा दिली होती. दीड तास. कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नाही. पुढच्या वेळी विचारीन.

निशिगंध२४

मी २४ वर्षांचा आहे, स्वतः पेशंट होतो. नवव्या वर्षापासून सतराव्यापर्यंत कार्बामाझेपिन घेतलं. आई सगळे रिपोर्ट एका वहीत लिहायची. गोळीआधी एकूण कोलेस्टेरॉल १६५ होतं. वर्षभरात ते २०० च्या आसपास गेलं आणि औषध चालू होतं तोवर तिथंच घुटमळत राहिलं. म्हणजे ते दर वर्षी चढत गेलं नाही, एक पायरी चढून थांबलं. गोळी हळूहळू बंद झाली त्यानंतर वर्षभरानं केलेल्या तपासणीत १६०.

माझ्या एकट्याच्या अनुभवावरून नियम होत नाही. पण ताई, तुम्हाला तो आकडा कायमचा चिकटला असं वाटत असेल, तर माझ्या बाबतीत तसं झालं नाही एवढं सांगायचं होतं.

बालरोगवाला

निशिगंध, फार मोलाची नोंद. मुलांवरच्या अभ्यासांतही हेच दिसलं आहे की औषध थांबल्यावर पातळी पूर्ववत होते. मोठ्या माणसांत २००९ साली प्रसिद्ध झालेला एक अमेरिकी अभ्यास आहे. कार्बामाझेपिन किंवा फेनिटॉइनवरच्या रुग्णांना लेव्हेटिरासेटॅम किंवा लॅमोट्रिजिन या नव्या औषधांवर नेलं, तर सहाच आठवड्यांत एकूण कोलेस्टेरॉल सरासरी २५ च्या आसपास उतरलं. माणसं तीच, औषध तेवढं बदललं. औषधाचा वाटा किती असतो याचा एवढा स्पष्ट पुरावा क्वचित मिळतो.

सरिता_वा

मग प्रश्न साधा आहे ना? ज्यानं कोलेस्टेरॉल वाढत नाही असं औषध उपलब्ध असताना मुलांना जुनी औषधं द्यायचीच कशाला? फेनोबार्बिटोन १९१२ पासून वापरात आहे, फेनिटॉइन १९३८ पासून. इतकी जुनी औषधं अजून चालू ठेवणं मला पटत नाही. केतकी, तुम्ही डॉक्टरांकडे औषध बदलून मागाच.

इशानचा_बाबा

सरिताताई, तुमची तळमळ समजते, पण बदल इतका सोपा नसतो. आम्ही बदल केला आहे. मुलाचं व्हॅल्प्रोएट चार महिन्यांत हळूहळू काढत लेव्हेटिरासेटॅम आणलं. वजन थांबलं, ट्रायग्लिसराइड ११० वर आलं. पण पहिले दोन महिने पोरगा ओळखू येईना. जरा मनाविरुद्ध झालं की वस्तू फेकायचा, मग स्वतःच रडायचा, "बाबा, मला असं का होतंय?" डोस सावकाश बसवल्यावर निवळलं. आणि त्या चार महिन्यांत दोन आकड्याही आल्या, त्याआधी वर्षभर एकही नव्हती.

आमच्याकडे बदलायला सबळ कारण होतं, यकृत आणि वजन. पुन्हा वेळ आली तर पुन्हा तेच करीन. पण ज्या मुलाच्या आकड्या १९ महिने थांबल्या आहेत, त्याला २१४ या एका आकड्यासाठी या चक्रात घालायला माझा हात धजणार नाही.

बालरोगवाला

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. नवीन मुलाला औषध सुरू करताना, दोन औषधं सारख्याच तोडीची असतील तर मीही लिपिड, वजन, हाडं यांचा विचार करून निवडतो. लेव्हेटिरासेटॅम आणि लॅमोट्रिजिनचा लिपिडवर जवळपास परिणाम नाही. ऑक्सकार्बाझेपिनचा कार्बामाझेपिनपेक्षा कमी. टोपिरामेटनं वजन उतरतं, पण काही मुलांना शब्द सुचेनासे होतात. प्रत्येकाचं काही ना काही आहेच. जुनं म्हणून वाईट असंही नाही. नवजात बाळाच्या झटक्यांना आजही बहुतेक ठिकाणी पहिला हात फेनोबार्बिटोनलाच घालतात.

पण चालू असलेलं, लागू पडलेलं औषध बदलायचं म्हटलं की तराजू वेगळा होतो. तिथं एका पारड्यात आज रात्रीची आकडी असते आणि दुसऱ्यात तीस-चाळीस वर्षांनंतरचा हृदयविकार. दुसरं पारडं रिकामं नाही. अमेरिकेत लुइझियाना राज्यातल्या बोगालुसा गावी १९७३ पासून मुलांचा अभ्यास चालला. अपघातानं वगैरे दगावलेल्या मुलांच्या आणि तरुणांच्या रोहिण्यांत चरबीचे पट्टे दिसले, आणि कोलेस्टेरॉल जितकं जास्त तितके ते जास्त. म्हणून औषध जन्मभर घ्यावं लागणार असेल, एलडीएल खूप वर असेल, घराण्यात कमी वयात हृदयविकार असेल, तर मी स्वतः बदलाचा विषय काढतो. तीन-चार वर्षांत औषध सुटण्याची शक्यता असेल आणि एलडीएल १३८ असेल, तर नाही काढत.

मोठ्या मुलांच्या पालकांसाठी आणखी एक. एलडीएल फारच वर राहिलं आणि स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी) द्यायची वेळ आली, तर आकडीचं औषध कोणतं हे त्या डॉक्टरांना आवर्जून सांगा. कार्बामाझेपिन, फेनिटॉइन ही औषधं सिमव्हास्टॅटिन, अॅटोर्व्हास्टॅटिन यांचा यकृतात लवकर फडशा पाडतात. गोळी घेऊनही आकडा उतरत नाही आणि सगळे बुचकळ्यात पडतात.

मृण्मयी_जो

किटोजेनिक आहारावरच्या मुलांचं कुणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. औषधांनी आकड्या थांबेनात तेव्हा मुलीला या आहारावर ठेवलं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये १९२१ साली त्याचं नाव पडलं, इतका तो जुना उपाय आहे. दिवसाचं बहुतेक अन्न स्निग्ध पदार्थांचं. तिसऱ्या महिन्यात एकूण कोलेस्टेरॉल २६० झालं आणि माझा धीर सुटला. आहारतज्ज्ञांनी आहार मोडला नाही, स्निग्धांश कुठून येतो ते बदललं, संपृक्त कमी केलं. बाराव्या महिन्यात २०८. रोज दहा-बारा झटके यायचे, आता आठवड्यात एखादा येतो. आमच्यासाठी हिशेब तिथं मिटला. पण दर तीन महिन्यांची तपासणी चुकवत नाही.

सरिता_वा

इशानचे बाबा, बदलाची ही बाजू माझ्या लक्षातच आली नव्हती. माझ्या भावाच्या मुलीला या महिन्यातच औषध सुरू व्हायचं आहे, म्हणून पोटतिडकीनं लिहिलं. आता वहिनीला एवढंच सांगते की पहिल्या गोळीच्या आधी लिपिड, टीएसएच आणि वजन लिहून ठेव.

केतकी_प

दीड महिन्यानं लिहिते आहे. उशिराबद्दल माफ करा.

पुन्हा तपासणी झाली. या वेळी गोळी वेळेवर, पाण्याबरोबर दिली आणि आत गेल्या गेल्या तसं सांगितलं. एकूण कोलेस्टेरॉल २०६, एचडीएल ५७, ट्रायग्लिसराइड ८०, एलडीएल १३३. टीएसएच व्यवस्थित. माझं एलडीएल ९६, तिच्या बाबांचं ११२. घराण्याचा प्रश्न बहुधा नाही.

न्यूरोलॉजिस्टनी दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून पाहिले. त्यांच्या मते हे औषधाचंच आहे. तिच्या प्रकारच्या आकड्या, झोपेत येणाऱ्या, तोंडाच्या एका बाजूच्या, वयात येताना बहुतेक मुलांत आपोआप थांबतात. दोन वर्षं आकडीविना पूर्ण झाली की ईईजी करून औषध हळूहळू कमी करता येईल का ते बघू म्हणाल्या. तोवर औषध तेच, डोस तोच. लिपिड सहा महिन्यांनी. गोळी बंद झालीच तर त्यानंतरही एकदा करायचं, आकडा खरंच उतरतो का ते पाहायला.

मी वही घातली आहे, निशिगंधच्या आईसारखी. डावीकडे आकडी आल्याच्या तारखा, उजवीकडे रिपोर्टमधले आकडे. डावीकडचं पान कोरं आहे.

निशिगंध२४

ताई, वहीत गोळीचा डोस आणि त्या दिवशीचं वजनही लिहा. आईनं ते लिहिलं नव्हतं आणि नंतर माझ्या डॉक्टरांनी नेमकं तेच विचारलं.

केतकी_प

लिहिलं. वजन २१ किलो. डोसची चिठ्ठी पहिल्या पानावर चिकटवली आहे.